काचीगुडा अजून आलेलं नाही

परवा नातवानं एक कागदी खोका आणून माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाला, "आजी, हैदराबादी आहे. खाऊन बघ." आत तांबड्या रश्श्यात पनीरचे तुकडे पोहत होते, वर साय ओतलेली. आमच्या नगरच्या सावेडीत आता चौकाचौकात तशी पाटी लागली आहे. हैदराबादी अमुक, हैदराबादी तमुक. मी एक घास खाल्ला आणि खोका बाजूला सारला. गोड होतं. मेल्यांनी साखर घातली होती.

"तुला काय ठाऊक गं हैदराबादचं?" तो हसून म्हणाला.

"मी जाऊन आले आहे."

"कधी?"

"ते परदेश होतं तेव्हा."

त्याला वाटलं, म्हातारी बरळते. सुनेनंही माझ्याकडं तसंच पाहिलं. आता या लोकांना काय सांगायचं? पाथर्डीच्या पलीकडची टेकडी उतरली की तिथून निजामाचं राज्य सुरू व्हायचं, आणि आमच्याकडचे लोक त्याला सरळ 'मोगलाई' म्हणायचे. तिथलं नाणं वेगळं, टपालाची तिकिटं वेगळी, रेल्वे निजामाची. हद्दीवर सामान उघडून दाखवावं लागे. परदेश म्हणजे आणखी काय असतं? पण मला नीट सांगता येईना, ते दोघं आपापल्या फोनमध्ये शिरले, आणि मी एकटीच त्या गाडीत जाऊन बसले.

लढाई, म्हणजे दुसरं महायुद्ध, संपत आली होती. आम्ही काष्टीला राहत होतो. अण्णा, म्हणजे आमचे वडील, तिथल्या मराठी शाळेचे हेडमास्तर. मुलांना भूगोल असा शिकवायचे की नाईल नदीच्या काठी स्वतः धोतर धुऊन आल्यासारखं वाटावं. पुण्याच्या पलीकडं मात्र ते कधी गेले नव्हते. माझी थोरली बहीण कुमुद, माझी अक्का, तेव्हा अठराची. मी अकराची.

अक्कासाठी हैदराबादचं स्थळ आलं होतं. मूळचे पुण्याकडचे लोक, तिकडं नोकरीत स्थिरावलेले. मुलाला रजा मिळत नाही, तेव्हा मुलीलाच घेऊन या, असा त्यांचा निरोप आला. आईला ते लागलं. "मुलगी काय बाजारात न्यायची आहे? त्यांना गरज असेल तर येतील." अण्णांना त्यात अपमान दिसला नाही, प्रवास दिसला. त्यांनी रेल्वेचं वेळापत्रक मिळवलं आणि संध्याकाळी कंदिलापाशी बसून ते एखाद्या पोथीसारखं वाचू लागले. धाकट्या भावाला गोवर आला होता म्हणून आई थांबली आणि अक्काच्या सोबतीला मला धाडलं.

अक्काबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. तिला भूक सहन व्हायची नाही. इतर मुली उपासतापास करायच्या. अक्काचा चेहरा दुपारी जेवायला उशीर झाला तरी पांढरा पडायचा. आईला हे माहीत होतं. तिनं डबा भरून दशम्या केल्या, दुधात कणीक भिजवून, चार दिवस टिकतील अशा. बरोबर शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, थोडे लाडू. फिरकीच्या तांब्यात पाणी. अण्णांचा नियम होता, बाहेरचं काही खायचं नाही आणि बाहेरचं पाणी प्यायचं नाही. हा नियम त्यांनी काष्टी सोडताना सांगितला, नगरला सांगितला आणि राहुरी गेल्यावर पुन्हा सांगितला, जणू आम्ही दोघी बहिऱ्या होतो.

मे महिन्याचं ऊन. खिडकीची लोखंडी चौकट हात लावला की चटका द्यायची. कोळशाची पूड डोळ्यांत, केसांत, दातांखाली. दर स्टेशनला अण्णा खिशातलं घड्याळ काढून वेळापत्रकाशी ताडून बघायचे आणि गाडी उशिरा असली की त्यांचा चेहरा असा व्हायचा, जसा शाळेत मुलानं गंगेला अरबी समुद्रात नेऊन सोडल्यावर व्हायचा.

मनमाडला आम्ही निजामाच्या गाडीत बसलो. तिचे रूळ अरुंद, डबे बुटके, आणि झोकांड्या मात्र भरपूर. हद्द ओलांडल्यावर जकातीचा माणूस डब्यात चढला. उंच, काळी टोपी, बोलायला मऊ. त्यानं आमची वळकटी चाचपली आणि जेवणाच्या डब्याकडं बोट केलं.

"इसमें क्या है मास्टर साब?"

अण्णांना हिंदी येत होती, पण पुस्तकातली. "श्रीमान, यह खाद्यवस्तु है."

"जी?"

"दशमी. दुग्धमिश्रित."

त्या माणसाला काही कळलं नाही. त्यानं झाकण उघडलं, दोन दशम्या उचलून खाली बघितलं, परत नीट ठेवल्या, सलाम केला आणि पुढं गेला. इतकंच. पण परक्या जातीचा हात लागलेल्या त्या डब्याकडं अण्णा बघत राहिले. पुढच्या स्टेशनला गाडी थांबली तेव्हा त्यांनी सगळ्या दशम्या फडक्यात बांधल्या आणि फलाटावरच्या एका हमालाला देऊन टाकल्या.

अक्का खिडकीतून त्या हमालाकडं बघत होती. त्यानं तिथंच उकिडवं बसून दशमी मोडली. आईनं पहाटे उठून केल्या होत्या त्या. त्या वयातही मला वाटलं की देवानं हात दिले ते धरायला, आणि अण्णांनी ते फक्त धुवायला वापरले.

सकाळी जाग आली तेव्हा खिडकीबाहेरचा मुलूखच बदलला होता. माती तांबूस, ताडाची झाडं, आणि कुणी मुद्दाम एकावर एक रचून ठेवावेत तसे मोठमोठे गोल दगड. स्टेशनांवर उर्दू अक्षरं वळणं घेत पळायची. फेरीवाले "मोंगफल्ली" म्हणून ओरडायचे. त्या शेंगा भाजलेल्या नसत, मिठाच्या पाण्यात उकडलेल्या असत, आणि त्यांचा ओला, मातकट वास डब्यात शिरला की अक्का डोळे मिटून घ्यायची. आमच्या वाट्याला लाडू होते. ते तरी किती पुरणार?

सिकंदराबादला स्टेशनजवळच्या धर्मशाळेत उतरलो. अक्कानं मागून आणलेल्या शेगडीवर भात टाकला. मेतकूट-भात. शेजारच्या खोलीत कोण्या तेलुगू कुटुंबानं फोडणी दिली, कढीलिंब आणि लाल मिरच्यांची, आणि भिंत ओलांडून तो ठसका आमच्या नाकात आला. आम्ही तिघंही शिंकलो. अण्णा म्हणाले, "बघितलंत? हे असं खातात लोक." अक्का म्हणाली, "हो ना," आणि दीर्घ श्वास घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या चहाला आम्हाला त्या लोकांकडं जायचं होतं. घर काचीगुड्याला. धर्मशाळेच्या दारात टांगे उभे होते. टांगेवाला म्हणाला, "काचीगुडा? हौ, बैठो. अब्बी पहुंचा देता." अण्णांनी हात हलवून त्याला नाही म्हटलं. आम्हाला म्हणाले, "टांगेवाला कुठंही नेऊन सोडेल. रेल्वे रुळावरून जाते. रूळ चुकत नाहीत."

रूळ चुकले नाहीत. अण्णा चुकले. त्या गावात मोठ्या रुळांची गाडी वेगळी आणि लहान रुळांची वेगळी, दोन्हींचे फलाट वेगळे, आणि दोन्ही हैदराबादेतच जातात. आम्ही मोठीत बसलो. वाटेत हुसेनसागर लागला. एवढं पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं. काष्टीची माणसं आम्ही. घोडनदी उन्हाळ्यात वाळूच दाखवायची. पाण्यावरून गार वारा आला, अक्काचा पदर उडाला, आणि त्या प्रवासात पहिल्यांदा ती हसली. "अण्णा, किती सुंदर," ती म्हणाली. अण्णा वेळापत्रकात बोट घालून बसले होते. मान वर केली तेव्हा तलाव गेला होता.

शेवटचं स्टेशन नामपल्ली. काचीगुडा नव्हे. तीच गाडी आम्हाला परत सिकंदराबादला घेऊन आली. दुसरा फलाट, लहान गाडी. डब्यात शिपाई, बुरख्यातल्या बायका, कोंबड्यांची टोपली, कुणाच्या तरी अत्तराचा जड वास आणि घाम. सकाळचा भात केव्हाच जिरला होता. अक्काचे ओठ पांढुरके दिसायला लागले. लग्नात आईला मिळालेलं जांभळं पातळ ती नेसली होती, आणि ते पाठीवर भिजून काळं पडलं होतं.

गाडी एका मोठ्या स्टेशनात थांबली. इंग्रजी पाटी अगदी माझ्या नाकासमोर. मी शाळेत अक्षरं गिरवली होती, मला सुद्धा लागली.

"अण्णा, काचीगुडा," अक्का म्हणाली.

अण्णांनी घड्याळ पाहिलं. "शक्य नाही."

"अण्णा, पाटी आहे."

"गाडी उशिरा सुटली आहे. या वेळेला काचीगुडा येऊच शकत नाही."

"पण आलंय ना."

"वेळापत्रकाप्रमाणे काचीगुडा अजून आलेलं नाही," अण्णा म्हणाले, आणि गाडी हलली. पाटी आमच्या डोळ्यांसमोरून सरकत गेली. फलाटावर एक माणूस कलिंगडं कापत होता, त्याची लाल फोड मला अजून दिसते. मी रडायला लागले. अक्का रडली नाही. तिनं खिडकीच्या गजावर कपाळ टेकलं.

पुढची स्टेशनंही गेली. प्रत्येक ठिकाणी अण्णांना वाटायचं, पुढचं काचीगुडा. अखेर फलकनुम्याला आम्ही उतरलो. टेकडीवर नवाबाचा पांढरा राजवाडा, आणि खाली एक ओकंबोकं स्टेशन. परतीच्या गाडीला वेळ होता. अण्णा स्टेशनमास्तरांकडं गेले. काचीगुडा वेळापत्रकाआधी कसं येऊ शकतं याचा त्यांना जाब विचारायला. आम्हाला चिंचेच्या झाडाखाली बसवून गेले.

तिथं आधीच एक बाई बसली होती. वयानं आईपेक्षा मोठी. बुरख्याचा पडदा मागं टाकलेला, पान खाऊन ओठ तांबडे, पुढ्यात पितळी डबा. तिची गाडी दुसरीकडची असावी. तिनं डबा उघडला, आणि मी आजवर कितीतरी वेळा तो वास आठवून पाहिला आहे: भाजलेले तीळ, खोबरं, चिंच, आणि तेलात मुरलेलं वांगं. आमच्या भरल्या वांग्याची कुणी थोरली, दागिने घातलेली बहीण असावी तसा.

तिनं अक्काकडं पाहिलं. अक्का दुसरीकडं बघत होती. नको तितकी.

"भूकी है बच्ची," ती बाई म्हणाली. तो प्रश्न नव्हता. तिनं झाकणात भात घातला, त्यावर दोन वांगी, वर दाट रस, आणि झाकण अक्काच्या हातात दिलं. "खाओ बेटा. शरमाना नक्को."

मी अक्काचा पदर ओढला. "अक्का, अण्णा..." अक्कानं माझ्याकडं पाहिलंही नाही. ती खाली बघून जेवायला लागली. घाई केली नाही. एकेक घास कालवून, बोटं बुडवून, कपाळावरचा घाम मनगटानं पुसत. डोळ्यांत पाणी आलं, तिखटानं असेल. त्या बाईनं पुन्हा वाढलं. मग माझ्यापुढंही भात आला. मी नुसता भात खाल्ला, रस्सा लागलेला बाजूला सारून. मला वाटलं, तेवढंच पाप कमी. किती मूर्ख होते मी. शेवटी एक बोट रश्श्यात बुडवून चाटलं, तेवढंच माझं.

"याला काय म्हणतात?" अक्कानं विचारलं. हातानं वांग्याकडं खूण केली.

"बगारा बैंगन," बाई म्हणाली, आणि पदार्थ आवडलेल्या मुलीकडं कुठलीही बाई बघते तशी बघू लागली.

अण्णा परत आले तेव्हा अक्का बोटं चाटत होती. ते थांबले. डबा, बाई, अक्काचा हात, सगळं त्यांनी पाहिलं. ते म्हणाले, "तोंड धू. गाडी यायची आहे." बस.

काचीगुड्याचं ते घर नीटनेटकं होतं. भिंती पांढऱ्या, पडदे पांढरे, आणि वास कसलाच नाही. मुलाची आई गोरीपान, करारी. वडील आरामखुर्चीत पेपर घेऊन. मुलगा त्यांच्या शेजारी, चांगला दिसायला, नजर जमिनीवर. अक्कापुढं पोह्यांची बशी ठेवली आणि प्रश्न सुरू झाले. शिक्षण किती, शिवण येतं का, गळा कसा आहे. अक्कानं चमचा उचलला की पुढचा प्रश्न यायचा आणि चमचा खाली. पोहे गार होऊन कडक झाले. घ्या म्हणून कुणी म्हटलं नाही.

"आम्ही इतकी वर्षं इथं काढली," त्या बाई म्हणाल्या, "पण इथलं काही घरात शिरू दिलं नाही हो मास्तर. चिंच नाही, तिखट नाही. आमच्याकडं अजून पुणंच आहे."

"वा," अण्णा म्हणाले.

"तुम्ही नाही ना काही इथलं खाल्लंत?" त्यांनी अक्काला हसत विचारलं. हसतच विचारलं होतं. नाही म्हणायचं आणि गप्प बसायचं, इतकं सोपं होतं.

"खाल्लं," अक्का म्हणाली. "बगारा बैंगन. फलकनुम्याच्या स्टेशनात एका मुसलमान बाईनं दिलं."

आणि तेव्हा मुलानं पहिल्यांदा मान वर केली. सरळ अक्काकडं बघून म्हणाला, "कसं होतं?"

त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. जन्म त्या गावात काढला होता बिचाऱ्यानं. अक्कानं तोंड उघडलं, तेवढ्यात त्याच्या आईनं नुसतं त्याच्याकडं पाहिलं, आणि त्याची मान पुन्हा खाली गेली.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "आमच्यात हे चालायचं नाही. तुम्हाला उगाच हेलपाटा पडला."

फार वर्षांनी, पाथर्डीला अक्काच्या ओसरीत बसून मी तिला विचारलं होतं, खोटं का नाही बोललीस म्हणून. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "अगं, त्यानं कसं होतं म्हणून विचारलं ना, तेव्हा मला वाटलं, इथं राहता येईल. मग त्यानं मान खाली घातली." एक खडा बाजूला टाकून म्हणाली, "त्या बाईनं माझं नावसुद्धा विचारलं नव्हतं. आधी वाढलं." आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. ते वांगं तिनं करून पाहिलं होतं बऱ्याचदा. तिला जमलं नाही. मलाही नाही.

परतीच्या वाटेवर अण्णा बोलले नाहीत. घड्याळही काढलं नाही. वेळापत्रक पिशवीच्या तळाशी गेलं. गाडी उशिरा की वेळेवर, त्यांना काही देणंघेणं नव्हतं, आणि मला ते वेळापत्रक वाचणारे अण्णा चक्क हवेसे वाटायला लागले. अक्का समोरच्या बाकावर बसून नखं खात होती. औरंगाबाद गेलं, जकात गेली. मनमाडला गाडीची वाट बघत फलाटावर बसलो असताना अण्णा एकदम म्हणाले,

"फलकनुम्याच्या त्या बाईचे आभार मानलेस का?"

अक्का दचकली. "हो."

"बरं केलंस."

एवढंच. पुढं नगरपर्यंत पुन्हा गप्प. मला त्यांचा इतका राग आला होता. रागवायचं तर रागवावं, समजूत घालायची तर घालावी. हे काय, एक वाक्य आणि मग शंभरेक मैलांची शांतता.

काष्टीला उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. स्टेशनावरचा पॉइंटमन शंकर हिरवं निशाण गुंडाळत पुढं आला. त्याला सगळ्या गावाची लग्नं ठाऊक असायची.

"मास्तर, जमलं का पोरीचं?"

अण्णांनी वळकटी खाली ठेवली. जरा विचार केला. मग म्हणाले, "नाही रे. मीच नको म्हणालो. गाड्या फार बदलाव्या लागतात."

"व्हय, व्हय," शंकर म्हणाला. "पोरगी लई लांब पडती मग. ब्येस क्येलं तुमी."

अण्णांना त्यानं धीर आला असावा. कारण घरी पोचल्यावर, आई दारातच उभी होती, हात पिठाचे, तिला त्यांनी तेच सांगितलं, शब्दही तेच. मी तोंड उघडलं. अक्कानं माझा दंड असा धरला की वळ उठला.

"गाड्या?" आई म्हणाली. "गाड्या बदलाव्या लागतात म्हणून सोन्यासारखं स्थळ घालवलंत?"

"हो," अण्णा म्हणाले, आणि पाय धुवायला गेले.

पुढच्या वर्षी अक्का पाथर्डीला दिली. माणूस चांगला, शाळेत शिक्षक. पण ते कोरडं रान, उन्हाळ्यात प्यायच्या पाण्यासाठी कोसभर चालणं, आणि अक्का माहेरी यायची ती काळवंडून. प्रत्येक खेपेला आई तिचा हात हातात घेऊन अण्णांना सुनवायची. पोरीचं वाटोळं केलंत. हैदराबादेत नळाखाली बसली असती. तुमच्या त्या गाड्या. वर्षानुवर्षं हेच. अण्णांचे केस पिकले, शाळा सुटली, दृष्टी गेली, तरी आईचं ते संपलं नाही, आणि त्यांनी एकदाही उलट उत्तर दिलं नाही. मी वैतागायची. एकदा सांगून का टाकत नाही हा माणूस?

अक्कालाही ते सहन व्हायचं नाही. आईचं सुरू झालं की ती पदर खोचून उभी राहायची, म्हणायची, "आई, ऐक, ते तसं नव्हतं..." आणि दर वेळी, अगदी दर वेळी, अण्णा आपल्या कोपऱ्यातून हाक मारायचे, "कुमुद, मला जरा पाणी आण गं."